थांबण्याचे पैसे

आमच्या धंद्यात जे दिसतं त्याचे पैसे मिळतात. भिंतीवरचं इनडोअर युनिट, गच्चीवर रांगेत उभी आउटडोअर, चकचकीत पत्र्यात गुंडाळलेले पाइप, या सगळ्याचं बिल गिऱ्हाईक फारशी कुरकुर न करता चुकतं करतं. पण त्याच पाइपांत दाब भरून ते रात्रभर ठेवणं, मग आतली हवा आणि ओल ओढून काढणं, आणि हे पार पडेपर्यंत सांधे उघडे ठेवणं, या कामात बघणाऱ्याला माणसं नुसती बसलेली दिसतात. बसण्याचे पैसे कोण देतो?

इंदुरात तांब्याच्या गॅसलाइनी ओढण्यात माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं. आधी विंडो एसीची दुरुस्ती, मग स्प्लिट, मग मोठ्या इमारतींच्या व्हीआरएफ आणि आता हॉटेलांचे, वसतिगृहांचे गरम पाण्याचे हीट पंप. यंत्रं बदलली, गॅस बदलले, हत्यारं बदलली. लाइन मात्र अजूनही त्याच कारणानं बिघडते. नुसतं बसायच्या त्या तासांत कुणीतरी घाई केलेली असते.

हीट पंप म्हणजे उलट्या दिशेनं काम करणारा एसी, एवढं सांगितलं की बहुतेकांना कळतं. बाहेरच्या हवेतली उष्णता गॅस उचलतो आणि पाण्याला नेऊन देतो. विजेच्या एका युनिटमागे साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते, म्हणून गीझरच्या बिलाला कंटाळलेले हॉटेलवाले तिकडे वळतात. माळव्याची थंडी काही हिमालयाची नव्हे, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि नेमकं तेव्हाच सगळ्या खोल्यांतले नळ एकदम सुरू होतात. एसीला हिवाळ्याची सुटी असते, पाण्याच्या हीट पंपाला नसते. तो बारा महिने चालतो, कॉम्प्रेसर जास्त तापतो, आणि लाइनीत ठेवलेली कसर एसीपेक्षा लवकर बाहेर येते.

यंत्राचा गारवा आमच्या शहराला नवा नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून माणिकबाग महाल बांधून घेतला, तेव्हाच त्यात वातानुकूलनाची सोय होती. पण राजवाड्यापासून राजेंद्रनगरपर्यंतच्या साध्या घरांत तो गारवा आला तो आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत, आणि एवढ्या वेगानं आला की शिकलेल्या फिटरांपेक्षा बसवायची यंत्रं कायम जास्त राहिली. केंद्र सरकारच्या 2019 च्या कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. त्या आकड्यावरूनच समजावं की उणीव केवढी होती.

मी ज्या उस्तादांच्या हाताखाली घडलो त्यांचा हात सफाईदार होता. नळीच्या टोकाची फ्लेअर अशी बनवत की नटाला दुसरा वेढा द्यावा लागत नसे. ते आर-22 गॅसचे दिवस होते. लाइन जोडली की एका टोकाचा नट ढिला करून यंत्रातलाच थोडा गॅस सोडायचा, फुस्स झालं की हवा गेली असं समजायचं आणि नट आवळायचा. याला पर्ज करणं म्हणत. त्या यंत्रांत खनिज तेल असे आणि ते बरंच सोसत असे. पुढे आर-410ए आणि आर-32 आले, त्यांच्यासोबत एस्टर जातीची तेलं आली आणि सोसण्याचा काळ संपला. हे तेल हवेतली ओल ओढून घेतं आणि पाण्याशी संयोग झाला की त्याचं आम्ल होतं. ते आम्ल कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगवरचं आवरण खात बसतं. फुस्स केल्यानं हवा जातेही, पण नळीच्या आतल्या अंगाला धरलेली ओल जात नाही. शिवाय आर-32 पेट घेऊ शकतो, तो खोलीत मोकळा सोडणं हे वेगळंच संकट. तरीही आजच्या घडीला शहरात पर्ज करणारे हात कमी नाहीत, कारण त्याला दोन मिनिटं लागतात आणि व्हॅक्यूम पंपाला दुपार लागते.

पहिला धडा जोड देतानाच सुरू होतो. तांबं तापवताना नळीच्या आत नायट्रोजनची हलकी धार चालू ठेवावी लागते. नाहीतर आतल्या हवेतला ऑक्सिजन तापल्या तांब्याला धरतो आणि काळी खपली तयार होते. देवासच्या एका इस्पितळात दुसऱ्या कुणी केलेलं काम दुरुस्तीला आलं होतं. गॅस पूर्ण, कॉम्प्रेसर ठीक, तरी खोल्या थंड होईनात. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत काळा चुरा अडकलेला निघाला. कोपऱ्यातला जोड कापून पाहिला तर नळी आतून काजळी धरलेल्या चिमणीसारखी. बाहेरून तोच जोड इतका सुबक होता की फोटो काढावा. आमच्याकडे नव्या पोराला मी चांगला जोड दाखवत नाही, असा कापलेला जोड दाखवतो.

नायट्रोजनचं सिलिंडर राखाडी असतं, ऑक्सिजनचं काळं. जोड देण्यासाठी ऑक्सिजन साइटवर असतोच, आणि नायट्रोजन संपला की काही जण लाइन तपासायला तेच काळं सिलिंडर जोडू पाहतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो. पिथमपूर रस्त्यावरच्या एका साइटवर शेजारच्या कंत्राटदाराचा पोरगा हेच करायला निघाला होता. मी ओरडून थांबवल्यावर म्हणाला, "भिया, हवा तो हवा है।" रागावण्यात अर्थ नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी त्याच्या मुकादमाला मी नायट्रोजनचं सिलिंडर उसनं दिलं.

दाबाची तपासणी टप्प्याटप्प्यानं करतात. आधी नायट्रोजन 70 पीएसआयच्या आसपास भरून काही मिनिटं थांबायचं. मोठी गळती असेल तर इथेच कळते. मग 220 च्या आसपास, पुन्हा थांबायचं. मग आर-410ए आणि आर-32 च्या लाइनींना साधारण 600 पीएसआय. तिथे व्हॉल्व्ह बंद करून चोवीस तास. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावायचं, आणि बुडबुडा यायला वेळ द्यायचा. बारीक गळतीचा फेस हळूहळू फुलतो. ब्रश फिरवून पुढे निघून गेलेल्याला तो दिसत नाही.

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र यांचं कौतुक उत्तरेत फार जुनं आहे. आम्हा फिटरांना मात्र माळव्याच्या रात्रीनं बरंच छळलंय. मार्च महिना होता. विजयनगरकडच्या एका नव्या हॉटेलात संध्याकाळी पाच वाजता लाइन 600 वर बंद केली. नळीला बांधलेला थर्मामीटर 34 अंश दाखवत होता. सकाळी सहाला पोचलो तर मालकाचा सुपरवायझर आधीच गेजसमोर. काटा 564 वर. "लाइन लीक है भिया," असं म्हणून त्यानं मालकाला फोनही लावला होता. थर्मामीटरवर 16 अंश. बंद नळीतला वायू थंड झाला की दाब उतरतोच, आणि 600 च्या पट्ट्यात दर अंशामागे तो साधारण 2 पीएसआय उतरतो. 18 अंशांचे 36. कागदावर मांडून दाखवलं, त्याला पटलं नाही. मग म्हटलं, दुपारपर्यंत कुणीही कशाला हात लावायचा नाही. दुपारी नळी 34 अंशांवर आली आणि काटा आपोआप 600 वर. सुपरवायझर नंतर माझा चांगला दोस्त झाला. आता तोच दुसऱ्या कंत्राटदारांना थर्मामीटर कुठे आहे म्हणून विचारतो.

याची उलट बाजू जास्त फसवी आहे. पहाटेच्या गारव्यात लाइन भरली आणि दुपारी काटा तिथेच दिसला की पोरं खूश होतात. पण ऊन चढल्यावर काटा वर जायला हवा होता. तो जागेवर राहिला याचा अर्थ गॅस कुठून तरी निसटतोय. जागचा न हललेला काटा ही सगळ्यात वाईट बातमी असू शकते, हे समजायला फिटरला काही वर्षं जावी लागतात. त्या हॉटेलातल्या सकाळपासून दाबाचा आकडा आम्ही एकटा लिहीत नाही. त्याच्या शेजारी वेळ आणि तापमान नसेल तर त्या आकड्याला अर्थ नसतो.

दाब उतरवला की सुकवण्याचं काम. इथे इंदूरची उंची आडवी येते. एका मोठ्या कामावर मुंबईहून कंपनीचे इंजिनिअर आले होते. व्हॅक्यूम पंप चालू होता आणि साध्या गेजचा काटा पाऱ्याच्या 28 इंचांवर थांबला होता. ते म्हणाले, "पंप बदला, दमलाय तो. काटा तीसच्या जवळ जायला हवा." मुंबईत जातो, खरं आहे. पण इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे डोक्यावरच्या हवेचाच दाब 28 इंचांच्या आसपास असतो, तर काटा त्याच्यापुढे जाणार कुठे? पंप ठणठणीत होता. आम्ही डिजिटल मायक्रॉन गेज लावलं. ते बाहेरच्या हवेशी तुलना करत नाही, आत खरोखर किती दाब उरलाय ते सांगतं. इंजिनिअरनी ते पाहिलं आणि मोकळेपणानं म्हणाले, "हे पुस्तकात वाचलं होतं, बघितलं आज."

गंमत बाजूला ठेवली तरी त्यातला मुद्दा मोठा आहे. गाठायचं असतं 500 मायक्रॉनच्या खाली, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. साध्या गेजच्या काट्याची जाडीच त्याहून जास्त भरते. त्यामुळे काटा शेवटाला टेकला, लाइन सुकली, असं जो म्हणतो तो खोटं बोलत नसतो, पण त्याला काही माहीतही नसतं.

ओल काढायची म्हणजे पाणी उकळायचं, तेही न तापवता. दाब पुरेसा खाली नेला की 25 अंशांचं पाणीसुद्धा उकळतं. त्याला 24 हजार मायक्रॉनच्या थोडं खाली जावं लागतं. त्याची वाफ पंप बाहेर फेकतो. पण उकळताना पाणी स्वतःचीच उष्णता खर्च करतं, गार होत जातं, आणि दाब साडेचार हजार मायक्रॉनच्या खाली गेला की त्याचा बर्फ होऊ शकतो. बर्फ मग तासन् तास पंपाला दाद देत नाही. म्हणून नुसता जास्त ताकदीचा पंप लावून भागत नाही.

भंवरकुआच्या बाजूला विद्यार्थ्यांचं एक वसतिगृह आहे. तिथे जुलैत हीट पंपाची लाइन टाकली. आम्ही टोकं बंद करून ठेवली होती. रात्री दुसऱ्या कुणाला तरी गच्चीवर जागा हवी होती, त्यानं नळ्या सरकवल्या, टोप्या निघाल्या आणि पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी पंप लावला, मायक्रॉन गेज पाच हजारांच्या आसपास येऊन अडून बसलं. पंपाच्या काचेतलं तेल दुधासारखं पांढरं झालं. त्यावर उपाय एकच. पंप थांबवून लाइनीत कोरडा नायट्रोजन सोडायचा, त्याला ओल पिऊ द्यायची, तो सोडून द्यायचा, पंपाचं तेल बदलायचं आणि पुन्हा ओढायला घ्यायचं. असं तीनदा. नळी जिथे खाली झुकली होती तिथे हॅलोजनचे दिवे लावून ती कोमट ठेवली. वसतिगृहाचे मालक दर तासानं वर येत. शेवटी म्हणाले, "पंप चालतोय आणि तुम्ही चहा पिताय, मग उद्याची हजेरी कशाची लावायची?" रास्त प्रश्न होता. मी त्यांना खुर्ची दिली आणि गेज दाखवलं.

गेज 500 च्या खाली आल्यावर पंपाचा व्हॉल्व्ह बंद केला. खरी परीक्षा इथून पुढे. पंप ओढत असताना आकडा खाली असणारच, पंप तोडल्यावर तो काय करतो हे महत्त्वाचं. आकडा चढून एका जागी थांबला तर आत ओल शिल्लक आहे. थांबायचं नाव न घेता चढतच राहिला तर गळती आहे. आणि थोडासा हलून खालीच स्थिरावला तर लाइन कोरडी आणि बंद आहे. त्या दिवशी तो 700 च्या आत राहिला. मालकांनी अर्धा तास स्वतः बसून पाहिलं. इतक्या वर्षांत मला आलेला अनुभव असा, की समोरच्याला काय बघायचं ते सांगितलं तर तोही थांबतो. आपण सांगत नाही, म्हणून त्याला ते नुसतं बसणं वाटतं.

इन्सुलेशनचं रबर चढवायची पाळी या सगळ्यानंतर येते, निदान सांध्यांवर तरी. सरळ नळीवर ते आधीच ओवून घेता येतं, सांधे मात्र तपासणी होईपर्यंत उघडे हवेत. अडचण पैशांची असते. बहुतेक कंत्राटांत इन्सुलेशनचे पैसे मीटरवर मिळतात, ते लवकर दाखवलं की चालू बिल लवकर निघतं. टेस्टिंग मात्र शेवटच्या पानावर एका ओळीत, लमसम. मग फिटर आधी सगळं झाकून टाकतो, आणि गळती निघाली की चांगलं चिकटवलेलं रबर फाडत बसतो. दोष त्या फिटरचा कमी आणि बिलाच्या मांडणीचा जास्त.

इन्सुलेशनचा निकाल पाऊस लावतो. आमचा हंगाम एप्रिल-मे. तेव्हा इंदूरची हवा 40 अंश असली तरी कोरडी. आर्द्रता 20 टक्के धरली तर दव धरायला पृष्ठभाग 13 अंशांच्या खाली जावा लागतो, त्यामुळे कसंही गुंडाळलं तरी चालून जातं. ऑगस्टात हवा 27 अंश आणि आर्द्रता 85 टक्के झाली की 24 अंशांच्या खालचा प्रत्येक पृष्ठभाग पाणी धरतो. आत नळी 8 अंशांवर आणि बाहेर फक्त तीन अंशांची सवलत. मग जिथे क्लॅम्पनं रबर चेपलंय, जिथे चिरेला सोल्युशन नीट लागलेलं नाही, जिथे दोन नळ्या एकाच आवरणात कोंबल्यात, तिथून फॉल्स सीलिंगवर तपकिरी डाग उमटतात. गिऱ्हाईक फोन करतं, गॅस लीक होतोय म्हणून. बहुतेकदा गॅस जागेवर असतो, गळत असतं ते हवेतलं पाणी.

हीट पंपात आणखी एक पेच आहे. गरम करताना गॅसची नळी 70-80 अंशांवर, कधी त्याहून वर जाते. स्वस्तातल्या नळ्यांवर येणारा पांढरा पॉलिथिनचा फोम अशा उष्णतेत आक्रसतो, कडक होतो, तडकतो. एका अतिथिगृहात दोन हिवाळ्यांत त्याचे तुकडे पडले होते आणि उघड्या नळीवर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. काळं नायट्राइल रबर साधारण 105 अंशांपर्यंत टिकतं. पण उन्हात तेही भेगाळतं, आणि गच्चीवर खारी ते कुरतडतात, पक्षी घरट्याला नेतात. वर पत्र्याचं किंवा टेपचं पक्कं आवरण हवंच. यात कसलीही विद्या नाही, नुसता खर्च आहे, म्हणूनच ते गाळलं जातं.

माझ्या कामाला वळण लागलं ते एका वहीमुळे. त्या हॉटेलच्या सुपरवायझरचं प्रकरण झाल्यावर प्रत्येक लाइनीचं एक पान करायला लागलो. भरल्याची वेळ, दाब, तापमान. सोडल्याची वेळ, दाब, तापमान. पंप किती वाजता लावला, तोडल्यावर गेज किती चढलं. खाली गिऱ्हाइकाची सही. सुरुवातीला पोरं वैतागली. पण सही करताना माणूस विचारतो, आणि विचारलं की सांगावं लागतं. पुढे मी बिलातली ती लमसमची ओळ फोडली. दाबाची तपासणी वेगळी, सुकवणं वेगळं, वापरलेला नायट्रोजन वेगळा. यावर काही कामं गेली. घासाघीस करणाऱ्याला वगळायला नेमक्या त्याच ओळी सापडतात. वगळायचं असेल तर लेखी द्या, एवढंच मी म्हणतो. लेखी फार थोडे देतात, बाकीचे पैसे देतात किंवा दुसऱ्याकडे जातात. गेलेल्यांबद्दल मला राग नाही. काही जण पावसाळ्यानंतर परत येतात, काहींचं तसंही चालून जातं. नशीब चांगलं असलं तर वाईट लाइनसुद्धा पाच वर्षं चालते, हेही मी पाहिलंय आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण नशिबाची हमी बिलावर लिहून देता येत नाही, वहीतल्या पानाची देता येते.

आयटीआयमधून येणारी आजची पोरं हुशार आहेत. मोबाइलवर जोडलेली गेजं त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतात. त्यांना शिकवावं लागतं ते मोकळ्या हातांनी बसणं. गेज लावलं की निघून जायची, दुसऱ्या साइटवर हजर व्हायची त्यांना ओढ असते, कारण शाबासकी आणि पैसा दोन्ही धावपळीला मिळतात. म्हणून आमच्याकडे लाइनीजवळ बसलेल्या माणसाची हजेरी जोड देणाऱ्याइतकीच धरली जाते. हा एक नियम केला आणि तक्रारी निम्म्यावर आल्या, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, मोजदाद केलेली नाही. एवढं मात्र खरं, की ऑगस्ट महिन्यात माझा फोन आता पूर्वीइतका वाजत नाही.

घरी किंवा दुकानात अशी लाइन टाकून घेणार असाल तर फिटरला तीनच प्रश्न विचारा. दाब किती भरलात आणि तेव्हा तापमान किती होतं? पंप तोडल्यावर गेज कुठे थांबलं? सांधे झाकण्याआधी मला दाखवाल का? उत्तरात आकडे आले तर निर्धास्त राहा, थोडे जास्त पैसे लागले तरी द्या. "साहेब, काळजी करू नका," एवढंच उत्तर आलं, तर मात्र काळजी करा.